उभ्या काठ्या, आडव्या काठ्या

माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि तिथून पुढचे चार महिने ते असं समजून चालले की हा डोळाही चालला. डाव्यात मोतीबिंदू होताच. म्हणजे उजवा गेला की सगळंच गेलं. खरं तर डोळ्याला काहीही झालं नव्हतं. त्यांची नजर मी अडवली होती, अलिबागच्या दुकानातून मोठ्या हौसेने आणलेल्या एका चष्म्याने. आणि मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर.

आम्ही अलिबागजवळच्या थळचे. बाबा होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे आणि तिच्यावरच्या माणसांची जबाबदारी असलेले. आई अलिबागच्या बाजारात मासळी विकते. आमची डोल जाळी आहेत. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधून ते पाण्याच्या ओढीत सोडून ठेवतात आणि ओढ बदलली की जाऊन काढतात. सगळी मेख खुंट सापडण्यात असते. पूर्वी बाबा निशाण्या धरून जात. खांदेरी बेटावरचा दिवा आणि मागच्या डोंगराची सोंड एका रेषेत आली आणि दुसऱ्या बाजूने खताच्या कारखान्याची चिमणी ठरलेल्या माडांवर आली, की खाली आपला खुंट. मग जीपीएस आलं. हाताच्या पंजाएवढा पडदा, त्यावर आकडे आणि बाण. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्या यंत्राची बटणं त्यांना मी शिकवली, तेव्हा मी अकरावीत होते. प्रत्येक खुंटाचा आकडा मी त्यात भरून दिला. स्वच्छ दिवशी ते अजूनही निशाण्या बघत, पण धुरकट हवेत सगळी भिस्त त्या पडद्यावर.

तो पडदा कसा चालतो हे मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकले. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी, आणि मी गावातल्या मराठी शाळेतून आलेली. पहिल्या तासाला मला एक अक्षर कळलं नाही. पण आमचे सर फार चांगले होते. तुला जसं समजेल तसं मराठीत सांग, असं ते म्हणाले, आणि मी घरी येऊन बंदरावर बसले. होड्या नांगरून ठेवलेल्या होत्या. एकही दुसरीला बांधलेली नव्हती, पण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पाणी फिरलं तशा सगळ्या हळूहळू फिरल्या. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की द्रव स्फटिकाचे लांबट रेणू असे असतात. पाण्यासारखे वाहतात, जागा सोडतात, पण तोंडं एकाच दिशेला ठेवतात. सरांनी ते संपूर्ण वर्गाला पुन्हा सांगायला लावलं. आज मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, त्याची सुरुवात मी त्या दिवसापासून धरते.

पुढचंही मी माझ्याच पद्धतीने बसवलं होतं. दोन काचा, त्यांच्यामध्ये केसापेक्षा बारीक फट, फटीत द्रव स्फटिक. काचांना आतून पातळ लेप देऊन तो एका दिशेने कापडाने घासलेला असतो, आणि रेणू त्या घासलेल्या दिशेने पडून राहतात. एक काच उभी घासायची, दुसरी आडवी. मग मधल्या रेणूंना दोरासारखा पीळ पडतो. दोन्ही काचांच्या बाहेरून एकेक पापुद्रा चिकटवलेला असतो. प्लॅस्टिक आयोडिनमध्ये भिजवून ताणतात, तेव्हा त्याच्या आतल्या साखळ्या एका दिशेने सरळ होतात. आमच्याकडे बोंबील सुकवायला बांबूच्या वलांडी असतात. हे पापुद्रे म्हणजे अशाच दोन वलांडी, एक उभ्या काठ्यांची, दुसरी आडव्या काठ्यांची, असं मी समजायचे. उभ्या काठ्यांतून गाळून आलेला उजेड पिळाबरोबर वळतो आणि आडव्या काठ्यांतून बाहेर पडतो. काचेवर विजेचं वहन करणारा, डोळ्यांना न दिसणारा एक थर असतो. त्याला वीज दिली की रेणू उठून उभे राहतात, पीळ सुटतो, उजेड वळत नाही आणि आडव्या काठ्यांना आपटून तिथेच मरतो. तेवढी जागा काळी दिसते. पडद्यावरचा काळा आकडा म्हणजे अडलेला उजेड.

यातलं एक वाक्य मी परीक्षेत लिहिलं आहे आणि नंतर मुलांना कितीदा तरी सांगितलं आहे: पडद्यातून बाहेर येणारा उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो.

ऑपरेशननंतर दवाखान्यातून बाबांना हिरवट प्लॅस्टिकचा गॉगल मिळाला. तो लावून ते होडीवर बसले तर खलाशी हसतील, असं मला वाटलं. मी अलिबागच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक चष्मा काढला आणि पोलराइज्ड आहे, पाण्यावरची चमक मारतो, असं सांगितलं. त्याच्याकडे एक कार्ड होतं. नुसतं पाहिलं तर कोरं, चष्म्यातून पाहिलं की त्यावर मासा दिसायचा. मला इतका आनंद झाला की मीच त्याला समजावून सांगायला लागले. पाण्यावरून परतलेला उजेड बहुतेक आडवा असतो, या काचेतल्या काठ्या उभ्या आहेत, म्हणून चमक अडते आणि पाणी दिसतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच चालवा दुकान."

डॉक्टरांनी दीड महिना जपायला सांगितलं होतं. मी घरी येऊन त्यात भर घातली. समुद्रावर ऊन, वारा आणि खारं पाणी. म्हणून हा सगळा हंगाम उन्हात चष्मा काढायचा नाही, असं मी बाबांना बजावलं. आईने चष्म्याला मागून जाळ्याचा दोरा बांधून दिला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

पहिल्या फेरीवरून बाबा आले ते खुशीत. पाणी काचेवानी झालंय बाय, आतली मासळी वळलेली दिसते, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. शेजारच्यांना चष्मा घालून समुद्राकडे बघायला लावलं. लेकीने आणला, असं सांगत होते. त्यानंतर आठवड्याभरात ते गप्प झाले.

काय होत होतं ते मला फार नंतर कळलं. होडी पहाटे निघायची. अंधारात चष्मा खिशात, पडदा उजळ, आकडे स्पष्ट. ऊन चढलं की बाबा चष्मा लावायचे आणि पडदा काळा व्हायचा. समुद्र दिसतोय, माणसं दिसतायत, जाळ्याची गाठ दिसतेय, फक्त पडदा काळा. त्यांना वाटलं यंत्र बंद पडलं. त्यांनी खलाशाला विचारलं, आकडा किती. खलाशाने वाचून दाखवला आणि हसला. "चष्मा नवा नि नजर जुनी काय, तांडेल?" तेव्हा बाबाही हसले. पण त्यानंतर त्यांनी कुणाला आकडा विचारला नाही. एकदा धीर करून चष्मा वर केला. भर उन्हात त्या ताज्या डोळ्यावर पाण्याची चमक अशी बसली की घळाघळा पाणी आलं, आणि पडदाच काय, काहीच दिसलं नाही. मग ते इतके घाबरले की पुन्हा चष्म्याला हात लावला नाही.

घरी ते डोळा तपासत राहायचे. जेवताना डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. शेजारच्या माडावरचे नारळ मोजायचे. आईने दोनदा विचारलं, त्यांनी काही नाही म्हणून टाळलं. शेवटी आईने मला सांगितलं आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, आता थंडीत दुसरा करून टाकू. बाबांनी मान हलवली. परत येताना एसटीत ते डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते.

मग त्यांनी यंत्रच काढून घरी आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तू शिकलेली हायस, बघ काय बिघाड हाय. संध्याकाळ होती. मी ते सुरू केलं, सगळी बटणं दाबून पाहिली. आकडे स्वच्छ. बाबांना वाचायला सांगितलं, त्यांनीही घडाघडा वाचले. घरात, संध्याकाळी, त्यांच्या डोळ्यावर चष्मा कशाला असेल?

मी तेव्हा जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "बाबा, मशीन ठीक आहे, डोळा ठीक आहे. तुम्हीच धास्ती घेतलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा शब्द त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या शब्दाएवढाच मोठा होता, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो इतक्या सहज टाकला. त्यांनी यंत्र फडक्यात गुंडाळलं आणि उचलून नेलं. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "डॉक्टर बोलतो डोला बरा, पोरगी बोलते मशीन बरी. मग ह्यो माणूसच बिघडला काय?"

नोव्हेंबरमध्ये सकाळची हवा धुरकट व्हायला लागली. अशाच एका दिवशी ऊन आलं होतं, पण किनारा दिसत नव्हता. खांदेरीचा दिवा नाही, चिमणी नाही, डोंगर नाही. निशाण्या गेल्या आणि पडदा काळा. खलाशी पुढे जाळं काढायच्या तयारीत होते. बाबांनी एकदाच म्हणायचं होतं की मला दिसत नाही, वाचून सांग. तेवढं त्यांनी म्हटलं नाही. अंदाजाने होडी नेली आणि पाड्यातल्याच दुसऱ्या एका तांडेलाच्या डोलीवर घातली. पंख्यात जाळं अडकलं, दोर तुटले, एक खुंट वाकला.

दुसऱ्या दिवशी समाजाच्या हॉलमध्ये बैठक झाली. मी मागे बायकांत उभी होते. ज्याचं जाळं फाटलं तो तांडेल बाबांच्या वयाचा, लहानपणापासून एकमेकांशी चढाओढ असलेला. तो रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. त्याने एवढंच विचारलं की यंत्र चालू होतं ना. खलाशी म्हणाला, चालू होतं. मग कुणीतरी मागून म्हणालं की तांडेलाची नजर बसली. बाबा उठले. होडीच्या इंजिनाची चावी आमच्याकडे भेंडाच्या तुकड्याला बांधलेली असते, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. ती त्यांनी खिशातून काढली आणि आपल्या थोरल्या खलाशाच्या पुढ्यात ठेवली. उद्यापासून तू ने, म्हणाले. कुणी अडवलं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटलं, बरं झालं, जीव तरी वाचतील.

त्यानंतरचे दिवस मला नीट लिहिता येत नाहीत. बाबा अंगणात बसून जाळी विणायचे, समुद्राकडे पाठ करून. पहाटे होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला की अंथरुणात कूस बदलायचे. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला. एक करून हे झालं, दुसरा करून काय होईल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार लांबवलं तर मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड जातं. मी ते त्यांना रोज ऐकवत होते. विनवलं, भांडले, एकदा रडलेही. त्यावर त्यांनी मला फक्त विचारलं, "बाय, आंधला झालो तर तुझ्या लग्नात मला हात धरून नेतील काय?" त्या रात्री मला वाटलं की माझ्या सगळ्या शिक्षणाचा या घराला काडीचा उपयोग नाही.

एका सकाळी चष्मा माझ्या पुस्तकांवर ठेवलेला दिसला. दर्यावर जायचं न्हाय तर मला कशाला, असं ते आईला म्हणाले होते. मी तो पर्समध्ये टाकला. दुपारी कॉलेजात जाताना ऊन फार होतं म्हणून लावला आणि तसाच डोळ्यावर ठेवून प्रयोगशाळेत शिरले. मुलं यायच्या आधी मीटर तपासायचे होते. पहिला डिजिटल मीटर सुरू केला. पडदा काळा. सेल बदलला. काळा. दुसरा घेतला, तोही काळा. तिसराही. खिडकी, टेबल, वायरी, सगळं दिसत होतं, फक्त पडदे दिसत नव्हते. क्षणभर मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटली. मीटर उजेडाकडे धरायला म्हणून हातात घेतला, तो तिरका झाला, आणि आकडे हळूहळू उगवले.

मी मीटर पुन्हा सरळ केला. आकडे गेले. आडवा केला, आले. मी स्टुलावर बसले. त्याच टेबलाच्या खणात पोलरॉइडचे दोन तुकडे होते. एकावर एक धरून फिरवले की उजेड जातो, हा प्रयोग मी दर वर्षी मुलांकडून करून घेते. उभ्या काठ्या, आडव्या काठ्या. पाण्याची चमक आडवी असते म्हणून मी उभ्या काठ्यांचा चष्मा निवडला. त्या पडद्याचा उजेडही आडवाच असतो, हे मला कितीतरी वर्षांपासून पाठ होतं. दुकानात त्याच गोष्टीची अर्धी बाजू मी दुकानदाराला शिकवून आले होते.

तास झाल्यावर मी तडक घरी गेले. बाबा अंगणात होते. मी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा लावला, माझा मोबाइल पुढे धरला आणि फिरवला. मग चष्मा काढून पुन्हा दाखवला. सगळं सांगितलं, वलांडीसकट. त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ उभा-आडवा करत राहिले. मला वाटत होतं ते आता हसतील, आईला हाक मारतील.

"हे तुला ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि सुई उचलून जाळ्याचा पुढचा फास घातला. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

गावात सांगायला त्यांनी मला मनाई केली. एका चष्म्याने फसवलं नि मला कळलं नाही, हे सांगू काय, असं म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी होड्या परतायच्या वेळी बंदरावर गेले आणि ज्याचं जाळं फाटलं होतं त्या तांडेलालाच आधी चष्मा दिला. त्याच्या होडीतलं यंत्र सुरू करायला लावलं. मग आमच्या खलाशाला, मग जमलेल्या सगळ्यांना. एकेकजण चष्मा लावून पडद्यासमोर मान वाकडी करत होता आणि लोक हसत होते. चूक माझी होती, बाबांना चष्मा काढू नको असं मीच सांगितलं होतं, हे मी मोठ्याने सांगितलं. एक बाई म्हणाली, "शिकून बापालाच आंधला केला गं हिने." हसू आणखी वाढलं. तो म्हातारा तांडेल मात्र हसला नाही. त्याने चष्मा काढून दोरा नीट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "माझ्या डोलीवर आला तवा दिसत न्हाय असं त्याने ओरडून सांगितलं असतं, तर म्या पण हसलो असतो. म्हणून न्हाय सांगितलं त्याने."

खलाशाने त्याच संध्याकाळी चावी आणून दिली. बाबांनी ती खुंटीवर अडकवली. अजून तिथेच आहे. ते आता होडीवर जातात, पण सुकाणूला हात लावत नाहीत. आपल्याच होडीवर ते खलाशी म्हणून जातात. धुरकट दिवशी तो नवा तांडेल त्यांना निशाण्या विचारतो, ते सांगतात, एवढंच. माझ्याशी बोलतात, पण मला आता काही विचारत नाहीत. पूर्वी औषधाच्या पुडीवर काय लिहिलंय तेसुद्धा मलाच विचारायचे.

दुसऱ्या डोळ्यासाठी मी मागे लागणं सोडलं होतं. कुठल्या तोंडाने म्हणणार होते? गेल्या आठवड्यात आई बाजारातून आली आणि म्हणाली की ते तुझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार आहेत, पण एक अट आहे, आत तू बोलायचं नाहीस. मी बोलले नाही. डॉक्टरांनी डावा डोळा तपासला, उशीर झालाय पण जमेल, म्हणाले. तारीख दिली. मग सवयीप्रमाणे सांगायला लागले, उन्हात चष्मा लावायचा, इतके दिवस तरी काढायचा नाही.

बाबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"डॉक्टरसाहेब, ह्यो चष्मा लावल्यावर काय काय दिसणार न्हाय, ते आधी सांगा."

डॉक्टर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. बाबा समोरच्या तक्त्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "सांग त्यांना."

मी सांगायला लागले.